पेटीतली पाच कांबळी

यंदा ओढा दीड महिना आधीच आटला. कमरेएवढं पाणी उरलं ते पुलाखालच्या एका डोहात, आणि त्या एका डोहावर सगळ्या गावाच्या मेंढ्या. धुतल्याशिवाय मेंढी कातरता येत नाही. मातीने भरलेल्या लोकरीत कात्रीची धार दोन मेंढ्यांत बोथट होते. कातरल्याशिवाय कळप डोंगरावर नेता येत नाही, आणि खाली तर गवताची काडी उरली नव्हती. म्हणजे सहा दिवसांत घरच्या एकशेचाळीस मेंढ्या धुवायच्या, वाळवायच्या, कातरायच्या आणि सातव्या दिवशी घरच्या म्हाताऱ्याने कळप वर काढायचा. त्यात चौथ्या दिवशी कोर्टाची तारीख. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथे लग्न मोडायलाच सतराशे विघ्नं आली होती.

त्याच्या सुनेला गाव फौजीण म्हणायचं. नवरा फौजेत, म्हणून ती फौजीण. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. पहिली चार वर्षं तो रजेवर यायचा, दोन महिने राहायचा आणि जायचा. पुढची पाच वर्षं नुसती पत्रं आली. रजा मिळत नाही. सीमेवर हालचाल आहे. पुढच्या वर्षी नक्की. मूल नाही म्हणून कुणी बाई हळहळली की फौजीण म्हणायची, "टपालाने होत असतं तर एव्हाना दोन झाली असती." बाया हसायच्या, मग आपण हसलो म्हणून वरमायच्या.

घटस्फोटाचा अर्ज तिने तीन वर्षांपूर्वी केला. मारहाण नव्हती, दारू नव्हती, हुंड्याचं भांडण नव्हतं. अर्ज लिहिणाऱ्याने विचारलं, "मग कारण काय लिहू?" ती म्हणाली, "नवरा नाही, हे लिहा."

तिला हवं होतं ते एवढंच. कातरणाऱ्यांची एक टोळी होती, ती हंगामात गावोगाव फिरायची. तिच्याबरोबर निघायचं होतं. टोळीचा मुकादम तिचा हात ओळखून होता. दिवसाला तीस मेंढ्या, आणि कातडीला ओरखडा नाही. पण मुकादम शहाणा होता. "तुझी जागा राखतो," तो म्हणायचा, "पण आधी मोकळी हो. फौजी माणसाची बायको पळवली म्हणून उद्या कुणी बंदूक घेऊन आला तर मी कात्री घेऊन उभा राहू?" दोन हंगाम त्याने जागा राखली. या हंगामात टोळी पुढच्या महिन्यात निघणार होती, आणि त्याने स्पष्ट सांगितलं होतं की या तारखेला काही झालं नाही तर दुसरी बाई घेतो.

खटल्याचं भिजत घोंगडं का पडलं होतं, ते कोर्टातल्या कारकुनाने तिला पहिल्याच वर्षी समजावलं होतं. दर तारखेला पलटणीचं पत्र यायचं: सदर जवान आघाडीवर तैनात असल्यामुळे हजर राहू शकत नाही. "आघाडीवरच्या माणसाच्या पाठीमागे निकाल लावता येत नाही, बाई," कारकून म्हणाला. "त्याने तिकडे बंदूक धरायची का इकडे वकील?" तिला ते अन्यायाचंही वाटलं नाही. बरोबरच होतं. फक्त एकाने आघाडी धरायची आणि त्यापायी दुसरीने उंबरठा धरून बसायचं, हे किती वर्षं चालायचं ते कायद्यात कुठे लिहिलेलं नव्हतं.

"त्याने आपल्या जागी कुणाला नेमलं तर चालतं," कारकुनाने सांगितलं.

मग तिने पलटणीच्या मोठ्या साहेबाला पत्र टाकलं. चार ओळींचं. साहेब सरळ माणूस असावा. दीड महिन्याने अधिकारपत्र आलं, खाली जवानाची सही आणि त्याखाली साहेबाचा शिक्का. जवानाने आपल्या जागी उभं राहायला, बोलायला आणि खटला लढवायला आपल्या वडिलांना नेमलं होतं. सोबत वडिलांना वेगळी चिठ्ठी होती: सोडू नका. ती गेली तर तुमच्याकडे कोण बघणार?

आपलेच दात आणि आपलेच ओठ. म्हातारा सासरा आणि सून एकाच घरात राहायचे, एकाच चुलीवरचं खायचे, एकाच मेंढीला दोन बाजूंनी धरायचे, आणि आता कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे राहणार होते.

कातरणीच्या पहिल्या दिवशी मात्र घरात कोर्टाचा विषय निघाला नाही. उन्हं वर आली तशी म्हाताऱ्याने पहिली मेंढी आडवी पाडली, तीन पाय एकत्र बांधले आणि गुडघ्याने मान दाबून धरली. त्याचे हात तीन वर्षांपासून कापत होते. कात्री त्याने तेव्हाच खाली ठेवली होती. आता तो फक्त धरायचा. फौजीणने पोटापासून सुरुवात केली. कात्री चपटी ठेवायची, डाव्या हाताने कातडी ताणायची, लोकर ओढायची नाही. लोकर एका तुकड्यात अंगरख्यासारखी निघून बाजूला पडली, आणि आतून गोरी, हडकुळी, भांबावलेली मेंढी उठून उभी राहिली.

"हिची लोकर बाजूला ठेवायची ना, आत्या?" फौजीणने विचारलं. सासूला ती आत्या म्हणायची आणि सासऱ्याला मामा.

"दरवर्षी काय विचारतेस? ठेव," सासू म्हणाली. तिने लोकर उचलली, काटेकुसळं झटकली आणि टोपलीत घालून आत नेली.

पहिल्या मेंढीची लोकर लेकाची. तो फौजेत गेल्यापासून सासूने हा नेम धरला होता. ती लोकर स्वतः पिंजायची, स्वतः कातायची, विणकराकडे बसून कांबळं विणून घ्यायची. फौजेतली कांबळी पातळ असतात, असं तिचं म्हणणं होतं. पहिली चार तो घेऊन गेला. पुढची पाच आतल्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवलेली होती. टपालाने पाठवू म्हटलं तर ती ऐकायची नाही. "अंगावर घालून बघितल्याशिवाय कसं द्यायचं?"

तीन दिवसांत सत्तर मेंढ्या झाल्या. फौजीणचे तळहात लोकरीच्या तेलाने मऊ आणि काळे झाले होते, आणि आंगठ्याच्या मुळाशी कात्रीचा फोड फुटला होता. तिसऱ्या संध्याकाळी म्हातारा दगडावर कात्रीला धार लावत बसला. धार लावताना त्याचे हात कापत नसत.

"उद्या पहिल्या गाडीने निघू," तो म्हणाला. "बारापर्यंत मोकळं झालं तर दुपारनंतर दहा तरी होतील."

"हो."

"वकील मला काय काय बोलायला सांगतोय ते तुला माहीतच असेल."

"असेल काहीतरी."

"मी बोलणार आहे, पोरी. लेक आहे माझा."

"बोला ना, मामा," ती म्हणाली. "मी कुठे अडवलंय?" तिला राग आला नाही. राग यायला समोर माणूस तरी चुकीचा हवा.

सकाळी दोघं एका बाकावर बसून गेले. तिकिटं त्याने काढली, दोन्ही. शिदोरी तिने बांधली होती, एकच. कोर्टाच्या फाटकाशी पोचले तोवर फौजीच्या वकिलाने धावत येऊन म्हाताऱ्याचा दंड धरला. "आजोबा, विरुद्ध पक्षाबरोबर येऊ नका हो! लोक बघतात."

"गाडी एकच आहे गावाला," म्हातारा म्हणाला.

वकिलाने त्याला नेऊन समोरच्या बाकावर बसवलं. खोली अरुंद होती. भिंतीला पाठ टेकली की चुना अंगाला लागायचा. पंखा फिरताना एकाच ठिकाणी कुरकुरायचा आणि खाली बसलेला माणूस दर वेळी वर बघायचा. फौजीण कोपऱ्यात बसली. शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला आणि अर्धा हात सरकली. अंगाला मेंढीचा वास होता. कितीही घासलं तरी तो कातरणीच्या दिवसांत जात नाही. फौजीणने हात पदराखाली घेतले.

अकरा वाजले, साडेबारा वाजले. भुकेची वेळ झाली तशी तिने शिदोरी सोडली, अर्धी आपल्या फडक्यात काढली आणि उरलेली उठून समोरच्या बाकावर म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवली. वकील कपाळाला हात लावून बघत राहिला. म्हाताऱ्याने मान खाली घालून खाल्लं.

पुकारा झाला तो पावणेदोनला. न्यायाधीश मध्यमवयीन बाई होत्या, सर्दीने बेजार. त्यांनी अधिकारपत्र वाचलं, शिक्का बघितला आणि म्हाताऱ्याला विचारलं, "तुम्ही मुलाच्या जागी उभे आहात. म्हणजे काय ते कळलं ना? तुम्ही बोलाल ते त्याचं बोलणं."

"कळलं," म्हातारा म्हणाला.

वकील उभा राहिला. तो तयारीने आला होता. ही बाई म्हणते की नवऱ्याने तिला टाकली, पाच वर्षं तोंड दाखवलं नाही. हे साफ खोटं आहे. जवानाने देशाची चाकरी करत संसारही सांभाळला आहे. त्याने एक कागद पुढे केला. पलटणीच्या कचेरीतून आणलेला रजेचा दाखला. गेल्या पाचही वर्षी जवानाने दोन-दोन महिन्यांची वार्षिक रजा घेतली आहे, आणि दर वेळी रजेचा पत्ता म्हणून आपलं घर लिहिलं आहे. फौजेचा कागद आहे, बाईसाहेब, यात खोटं कसं असेल?

खोलीत पंखा कुरकुरला. फौजीणने कागदाकडे बघितलं, मग म्हाताऱ्याकडे. तिला धास्ती वाटली ती स्वतःसाठी नव्हे. नवरा रजा घेऊन दुसरीकडे जात असेल, हे तिच्या मनात यापूर्वी कितीदा तरी येऊन गेलं होतं. म्हाताऱ्याच्या मनात ते कधीच आलं नव्हतं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"परत वाचा," म्हातारा म्हणाला.

वकिलाने मोठ्याने, खुशीत, परत वाचलं.

"गेल्या वर्षी कोणता महिना म्हणालात?"

वकिलाने महिना सांगितला.

"त्या महिन्यात हिची सासू तापाने पडली होती," म्हातारा न्यायाधीशबाईंना म्हणाला. "चाळीस दिवस. शुद्धीवर नव्हती. मी त्याला दोन पत्रं टाकली. तुझी आई जगत नाही, ये. त्याचं उत्तर आलं की रजा मिळत नाही."

"आजोबा," वकील हळूच म्हणाला, "तुमची गल्लत होतेय. तो आला असेल, तुम्हाला आठवत नसेल."

"लेक घरी आलेला आठवत नसेल?" म्हातारा वळून त्याच्याकडे बघत म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "वकीलसाहेब, मला तारखा कळत नाहीत. आम्ही कातरणीवर वर्ष मोजतो. दर कातरणीला त्याची आई त्याच्यासाठी कांबळं करते. तो आला की नेतो. पाच कांबळी पेटीत आहेत. सहाव्याची लोकर तेरवा टोपलीत काढली. तो एकदा जरी आला असता तरी पेटीत चार असती."

वकिलाने म्हाताऱ्याच्या सदऱ्याची बाही धरून ओढली. "बाईसाहेब, यांना नीट समजलेलं नाही. यांचं बोलणं लिहून घेऊ नये."

"ते साक्षीदार नाहीत," न्यायाधीशबाई रुमालात शिंकून म्हणाल्या. "तुमचे अशील तेच आहेत. कागदही तुमचा आणि माणूसही तुमचा. मी कुणाचं लिहू?" मग म्हाताऱ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "सून कधी घर सोडून गेली होती का?"

"नाही."

"आजारपणात कुणी केलं?"

म्हाताऱ्याने समोर बोट दाखवलं. "तिने. उचलून न्यायची म्हातारीला. आज सकाळचं खाणंही तिनेच बांधलंय."

"मग तिने सुटावं असं तुमचं म्हणणं आहे?"

"माझं तसं म्हणणं नाही," म्हातारा म्हणाला. "ती गेली तर माझ्या कळपाचं वाटोळं होईल. पण खरं काय ते विचारलंत, ते सांगितलं."

न्यायाधीशबाईंनी लिहून घेतलं, आंगठा घेतला. शाई लावूनही म्हाताऱ्याचा आंगठा कागदावर उमटेना; लोकरीच्या तेलाने तो बुळबुळीत झाला होता. पट्टेवाल्याने चुन्याच्या भिंतीवर घासायला लावला, तेव्हा तिसऱ्या वेळी उमटला. निकाल पंधरा दिवसांनी, म्हणून सांगितलं.

जिंकलो असं फौजीणला वाटलं नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि म्हातारा तिच्या शेजारी. निम्मा रस्ता सरला तेव्हा तो म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"वाटायचं."

"मग बोलली नाहीस कधी?"

"नक्की माहीत नव्हतं, मामा. आणि असतं तरी आत्यासमोर काय बोलायचं?"

तिला त्याची फार दया आली. बायकोला टाकतात, ते जगाला ठाऊक आहे. त्याला नाव आहे, कायदा आहे, अर्ज करता येतो. आईबापाला असं टाकलं तर त्यांनी कुठे अर्ज करायचा?

घरी गेल्यावर म्हाताऱ्याने सासूला सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, चप्पल न काढता. सासू लोकर पिंजत होती. हात न थांबवता तिने ऐकलं. "कागद काय, कुणीही लिहितं," ती म्हणाली. "आणि तुम्हाला कोर्टात लेकाच्या बाजूने पाठवलं होतं का सुनेच्या?" त्यानंतर ती नवऱ्याशी बोलली नाही. फौजीणशीही नाही. जेवायला वाढलं की ताट घ्यायची, तोंड फिरवून जेवायची, आणि पुन्हा पिंजायला बसायची.

त्या दिवशी दुपारनंतर दहा मेंढ्या व्हायच्या, त्या झाल्या चार. पुढचे दोन दिवस फौजीण अंधार पडेपर्यंत कातरत राहिली. आंगठ्याला फडकं बांधलं, फडकं ओलं झालं, बदललं. शेवटच्या सहा मेंढ्यांना पाणी पोचलंच नाही. त्या तशाच मळक्या कातराव्या लागल्या, आणि एकीच्या मांडीला कात्री लागली. नऊ वर्षांत तिच्या हातून पहिल्यांदा मेंढीचं रक्त आलं. तिने तेलात कालवलेली राख जखमेवर दाबली आणि उगाच त्या मेंढीला दोन शिव्या घातल्या. सातव्या दिवशी म्हातारा कळप घेऊन वर गेला.

निकाल ठरल्या दिवशी लागला. फौजीण एकटी गेली होती. विवाह मोडला. पोटगीचं विचारलं तेव्हा तिने नको म्हटलं. हात आहेत, म्हणाली. कारकुनाने निकालाची नक्कल दिली आणि फौजीच्या बायकोला मिळणारं दवाखान्याचं ओळखपत्र परत मागितलं. ते तिने एकदाच वापरलं होतं, दाढ काढायला. फोटोतली मुलगी बावीस वर्षांची होती आणि हसत होती. कारकुनाने कोपरा कापला आणि ते खणात टाकलं. दाढ तेवढी सरकारी खर्चाने गेली, एवढाच काय तो लाभ.

तिने बोचकं बांधलं. दोन लुगडी, कात्री, धारेचा दगड. सासू ओसरीत चाती घेऊन बसली होती. सहाव्या कांबळ्याचं सूत निम्मं झालं होतं.

"येते, आत्या."

सासूने सूत तोडलं नाही, वरही बघितलं नाही. "चुलीवरचं दूध उतरवून जा," एवढंच म्हणाली. फौजीणने दूध उतरवलं, झाकण घातलं आणि टोळीच्या वाटेला लागली.

वर्ष कुठे गेलं ते कातरणाऱ्याला कळत नाही. गावं, गोठे, ओढे, वेगवेगळ्या रंगाच्या मेंढ्या आणि त्याच कात्र्या. टोळीतही तिचं नाव फौजीणच राहिलं. कोर्टाने नवरा काढून घेतला, नाव काढून घ्यायचं विसरलं. पुढच्या हंगामात टोळी फिरत फिरत त्याच डोहापाशी आली तेव्हा मुकादमाने तिला विचारलं, "त्या म्हाताऱ्याकडे दुसरी कुणी पाठवू का?"

"नको," ती म्हणाली. "त्यांच्या मेंढ्या मला ओळखतात."

ती गेली तेव्हा म्हातारा मेंढवाड्याच्या तोंडाशी दोर वळत बसला होता. वर्षात फार वाळला होता. मेंढ्या एकशे दहाच राहिल्या होत्या. त्याने तिला पाणी दिलं, मग कामाचं बोलायला घसा खाकरला.

"मजुरी इतरांकडे घेतेस तीच घे. कमी करू नकोस."

"करणार होते कुठे?" ती म्हणाली, आणि म्हातारा कितीतरी दिवसांनी हसला.

मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "निकालानंतर त्याचं पत्र आलं होतं. तुम्ही माझं घर मोडलंत, असं लिहिलं. चार पानं होती. शेजाऱ्याकडून वाचून घेतली. वाचून झाल्यावर म्हातारीने विचारलं, आपली तब्येत विचारलीय का? शेजारी म्हणाला, नाही. रजेचं काही लिहिलंय का? म्हणाला, नाही. त्यावर ती उठून गेली."

"आणि कांबळं?"

"सहावं विणून आणलं. ठेवलंय." त्याने पेटीच्या खोलीकडे मान हलवली. "पेटी आता लागत नाही नीट."

सासू बाहेर आली. तिने फौजीणकडे बघितलं, आंगठ्याकडे बघितलं. "जेवलीस का?" म्हणून विचारलं. फौजीण म्हणाली, जेवले. सासू ओसरीच्या खांबाला टेकून बसली.

म्हाताऱ्याने पहिली मेंढी पाडली. पाय बांधले, मान दाबली. त्याचा हात आता इतका कापायचा की मेंढीही त्याबरोबर कापत होती, म्हणून फौजीणने आपलं एक ढोपर तिच्या बरगडीवर ठेवलं. पोटापासून सुरुवात केली. ऊन नुकतं चढत होतं. लोकर यंदा आखूड होती, पण स्वच्छ. एका तुकड्यात निघाली. मेंढी उठली, अंग झटकून इतरांत शिरली.

फौजीणने लोकर दोन्ही हातांत उचलली आणि सवयीने विचारून गेली, "हिची बाजूला ठेवायची ना, आत्या?" विचारल्यावर तिला वाटलं, आपण हे विचारायला नको होतं.

सासूने लोकरीकडे बघितलं. उठून जवळ आली, चिमटीत धरून लोकर चाचपली, एक कुसळ काढून टाकलं.

"नको," ती म्हणाली. "गठ्ठ्यात टाक."

आणि दुसरी मेंढी धरून आणायला ती स्वतःच वाड्यात शिरली.